दोनशे तास, वीस मिनिटं

सर्वेश, काल कुंपणाला सायकल टेकवून तू विचारलंस,
"पायलट होवक काय करूचा लागता गे ताई?"
मी हातातला फटाका खिशात टाकला
आणि म्हटलं, उद्या सांगते.

तर ऐक.
आधी डोळे, कान, रक्त, छातीचा आलेख.
मग हवामानाचा पेपर. दाजींना क्षितिजावरच्या
नखाएवढ्या काळ्या डागावरून जे कळतं
ते तिथे चार पर्यायांत विचारतात.
मी त्यात एकदा नापास झाले. किनाऱ्यावरची मुलगी, आणि ढगांत.

मग तास.
तास विकत घ्यायचे असतात.
दाजी सगळा हिशेब बांगड्यात करायचे:
एका तासाक किती पाट्यो?
मी आकडा सांगितला. जाळं सांधणारा हात थांबला,
पुन्हा सुरू झाला.
"मासो काय, परत गावतलो."
'सातेरी कृपा' मालवणच्या माणसाने नेली, इंजिनासकट.
त्याने रंग बदलला, नाव नाही बदललं.
अजून दिसते कधी निवतीच्या खडकांपलीकडे.
मी ती दाजींना दाखवत नाही.
ते मला दाखवत नाहीत.

घाटावरच्या क्लबात बारा मुलं, दोन विमानं,
त्यातलं एक कायम पोट उघडून पडलेलं.
एका सुट्या भागासाठी तीन आठवडे थांबलो.
खोलीचं भाडं थांबलं नाही.
उडण्यापेक्षा बाकावर बसणं जास्त, हे कुणी सांगत नाही,
म्हणून मी सांगते.

पण पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा
शेजारची सीट रिकामी, विमान हलकं,
जमीन अपेक्षेआधीच सुटली.
मी मोठमोठ्याने मालवणीत बोलत होते,
वेग, उंची, तेल, सगळे आकडे,
कोण ऐकणार होतं?
खाली उसाचे चौकोन. पाणी कुठेच नाही.
बारा मिनिटं.
वहीत ती शून्य पूर्णांक दोन अशी लिहितात.

लायसन्स पोस्टाने आलं.
आईने पाकिटावरूनच कुंकू लावलं.
नोकरी नाही आली.
मोठ्या विमानाचं शिक्षण वेगळं, त्याचा आकडा
मी घरात कधी उच्चारलाच नाही.
लग्नाकार्यात विचारतात, "आमका कधी नेतलस?"
मी म्हणते, जेवून घ्या आधी.

म्हणून हा सडा.
जांभ्यावर ओढलेली काळी पट्टी, दिवसाला एक विमान,
तेही ढग खाली उतरले की वरच्या वर घिरटी मारून परत.
माझं काम पक्षी हाकलायचं.
गवतात टोळ, टोळांमागे बगळे,
आणि त्यांच्याही वर ती पांढऱ्या डोक्याची घार,
जिच्याकडे बघत मी शाळेत रोज उशिरा पोचायचे.
फटाका वाजवते. उठतात.
दोनशे पावलांवर पुन्हा बसतात.
एक टिटवी मला ओळखते. फटाक्याआधीच शिव्या देते.

परवा उजव्या सीटवर अनाहिता होती, माझ्याच बॅचची.
काचेतून हात केला.
तिच्या वडिलांचा टाइल्सचा कारखाना.
ती माझ्यापेक्षा वाईट उडवायची, असं मी सगळ्यांना सांगते.
खरं नाही ते. चांगली उडवायची.
वाऱ्यात माझ्याहून सरळ उतरायची.

दर वर्षी पगारातून मेडिकल करते.
का, ते विचारू नकोस. दाजीपण विचारत नाहीत,
फक्त त्या दिवशी पहाटे मोटारसायकल पुसून ठेवतात.

तू आधी डोळे तपासून घे.
कुडाळला शनिवारी डॉक्टर बसतात.
रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचता आला तर येऊन सांग,
माझी पुस्तकं आहेत, कडा वाळवीने थोड्या खाल्ल्यात,
नेव्हिगेशनचं शाबूत आहे.
नाही वाचता आला तरी ये.
टोळांच्या दिवसांत मला एक माणूस कमी पडतं.

आणि सायकल कुंपणाला टेकवू नकोस,
आत घंटा वाजते.